गळाच्या काठीची सजावट

गळाने मासे पकडण्याच्या काठीवर दोऱ्याची रंगीत वेष्टने, धातूची वलये, बूच वा लाकूड यांच्या चकत्या, रोगणाचे थर इ. बसवून तिला जे दर्शनी रूप देण्यात येते, त्यास गळाच्या काठीची सजावट असे म्हणतात. मराठीत गळ या शब्दाने मुख्यत्वे आकडा सूचित होतो. कोकणात त्यालाच गरी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ज्या काठीचा विचार केला आहे, ती मात्र रीळ व दोरीच्या कड्या यांनी सज्ज असलेली आणि वापरणाऱ्याच्या मापाने व आवडीने हाताने बांधलेली काठी होय. या सजावटीच्या इतिहासातील लक्षणीय बाब अशी की, आज निव्वळ शोभेसाठी बसविण्यात येणारे तिचे बहुतेक घटक मुळात काठी फुटू नये, सांधा सुटू नये व आत पाणी शिरू नये या निकडीतून आलेले आहेत. काठीचे साहित्य बदलले, निकड संपली; परंतु रूप टिकून राहिले. त्यामुळे जुन्या काठीवरील सजावट हा तिच्या बांधणीचा एक प्रकारचा लेखच ठरतो.

काठीचे भाग : निमुळती कोरी काठी, हाताची मूठ, रीळ बसविण्याची बैठक, दोरी ज्यांतून जाते त्या कड्या आणि काठीचे तुकडे एकमेकांत बसविणारे सांधे म्हणजे फेरूल हे काठीचे प्रमुख भाग होत. कड्यांचे चपटे पाय काठीवर टेकवून त्यांवरून दोऱ्याचे वेढे घट्ट गुंडाळतात व वर रोगण देतात. या वेढ्यांना वेष्टन म्हणतात. वेष्टनाच्या कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे जे थोडे वेढे देण्यात येतात, ती त्याची किनार होय. मूठ जेथे संपते तेथे बसविण्यात येणारे बारीक वलय, बैठकीच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्या आणि बुडाचे टोपण हे सजावटीचे इतर घटक होत.

प्रारंभिक काल : काठी तयार करण्याची सविस्तर कृती देणारा इंग्रजीतील सर्वांत जुना छापील मजकूर १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आढळतो. गळाने मासे पकडण्याविषयीचा हा प्रबंध परंपरेने डेम जूलिआना बर्नर्स हिच्या नावावर असला, तरी त्याचे कर्तृत्व निश्चित नाही. हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पेन यांचा दांडा हिवाळ्यात तोडावा, भट्टीच्या उष्णतेवर सरळ करावा, धुरात वाळवावा व तापलेल्या सळईने आतून पोकळ करावा, असे त्यात सांगितले आहे. काठीचा वरचा बारीक भाग या पोकळीत ठेवता येत असे. त्यामुळे वाटेने जाणाऱ्यास ती चालण्याची साधी काठी वाटे. पोकळ केलेला दांडा टोकाशी चिरतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस लोखंडाची किंवा पितळेसारख्या मिश्रधातूची वलये ठोकण्याची सूचना प्रबंधात आहे. मुठीजवळच्या आजच्या शोभेच्या वलयाचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

आयझाक वॉल्टन याच्या १६५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या द कंप्लीट अँग्लर या ग्रंथात काठी रंगविण्याची कृती आली आहे. प्रथम सरस पाण्यात उकळून त्याचा ऊन हात द्यावा. तो वाळल्यावर सफेता, थोडा शेंदूर व कोळशाची पूड जवसाच्या तेलात घोटून राखी रंगाचा पातळ थर द्यावा आणि त्यावर जंगालयुक्त हिरवा रंग लावावा, असा तिचा क्रम आहे. काठीवर पाण्याचा व उन्हाचा परिणाम होऊ नये हा तीमागील एक हेतू; हिरव्या काठावर काठी माशाच्या नजरेत भरू नये हा दुसरा. येथे रंग शोभेसाठी नसून लपण्यासाठी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रिळाचा वापर सुरू झाला आणि काठीवर कड्या बसविणे क्रमाने आवश्यक झाले. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बुडासाठी अ‍ॅश, वरच्या भागांसाठी हिकरी व लान्सवुड आणि पुढे दक्षिण अमेरिकेतील ग्रीनहार्ट ही लाकडे वापरात आली. तिरपे तासलेले दोन तुकडे एकावर एक ठेवून मेणविलेल्या दोऱ्याने आवळण्याची सांधण्याची पद्धती तेव्हा रूढ होती. वेष्टनाचे तंत्र या सांध्यांवर पक्के झाले.

चिरलेल्या बांबूची काठी : सजावटीस आजचे रूप मिळाले, ते बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या काठीमुळे. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात. म्हणून सालीकडील पट्ट्या काढून, त्यांच्या कडा कोनात तासून त्या एकत्र चिकटविल्यास भरीव, हलकी व अत्यंत स्थितिस्थापक काठी मिळते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन येथील सॅम्युएल फिलिप याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा काठ्या केल्या. मेन राज्यातील बँगोर येथील हायरम लिओनार्ड याने १८७० नंतरच्या दशकात सहा पट्ट्यांची काठी यंत्राच्या साहाय्याने तयार करण्यास आरंभ केला व १८८१ मध्ये आपला कारखाना न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल व्हॅली येथे नेला. इंग्लंडमध्ये अ‍ॅनिक येथील हार्डी बंधूंची संस्था १८७२ मध्ये सुरू झाली.

फिलिप, लिओनार्ड व विल्यम हार्डी हे तिघेही बंदुकांच्या व्यवसायातील होते, ही गोष्ट योगायोगापुरती मर्यादित नाही. नळी अचूक कातणे, धातूचे भाग एकमेकांत हवाबंद बसविणे, लाकडास तेल व रोगण यांनी झिलई देणे आणि धातूवर नक्षी खोदणे ही कौशल्ये त्यांनी सोबत आणली. फिलिप हा व्हायोलिनही बनवीत असे. जर्मन सिल्व्हरचे चकचकीत फेरूल, बैठकीखाली बसविलेला अक्रोडासारख्या लाकडाचा रेखीव तुकडा आणि बुडाच्या टोपणावर कोरलेले नाव हा थाट बंदूककारागिराच्या दुकानातून काठीवर आला.

रेशमी वेष्टन व किनार : पट्ट्या चिकटविण्यासाठी त्या काळी जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून केलेला सरस वापरीत. सरस लाकूड उत्तम धरतो, परंतु दमटपणाने मऊ होतो. पाण्यात सतत वावरणाऱ्या काठीस हा दोष मोठाच होता. त्यावर उपाय म्हणून कड्यांच्या मधल्या मोकळ्या भागांतही थोड्या थोड्या अंतरावर बारीक रेशमी दोऱ्याची वेष्टने देण्यात येऊ लागली. सरस सुटला तरी पट्ट्या विलग होऊ नयेत, हा त्यांचा एकमेव उद्देश होता. जुन्या काठीवर दोन–तीन सेंमी. किंवा त्याहूनही कमी अंतरावर अशी शेकडो वेष्टने दिसतात. फेरूलच्या तोंडाशी धातूस बारीक चिरा पाडून त्यांवरही वेष्टन देत. त्यामुळे ताठ धातू व वाकणारा बांबू यांच्या सीमेवर ताण एकाच रेषेत साठत नसे.

इतक्या वेष्टनांमुळे रंगसंगतीला आपोआप वाव मिळाला. मुख्य वेष्टन एका रंगात व त्याच्या दोन्ही कडांना दुसऱ्या रंगाची तीन ते सहा वेढ्यांची किनार, ही रचना लुगड्याच्या काठासारखीच अंगाला सीमा घालते व अंग उठावदार करते. तिच्यातही उपयोगाचा अंश होता : वेष्टन प्रथम कडेशी उसवते, आणि वेगळ्या दोऱ्याची किनार झिजली, तरी मुख्य वेष्टन काही काळ शाबूत राहते.

वेष्टनाची रीत फारशी बदललेली नाही. दोऱ्याचे सुरुवातीचे टोक काठीवर आडवे ठेवून त्याच्यावरूनच पहिले वेढे घेतात, म्हणजे गाठ मारावी लागत नाही. शेवटचे सहा–सात वेढे राहिले असता एक दुहेरी दोरा वेष्टनाखाली घालतात. वेढे पूर्ण झाल्यावर मुख्य दोऱ्याचे टोक या फासात ओवून फास ओढतात. टोक वेढ्यांखाली जाऊन अदृश्य होते. किनारीसाठी हीच क्रिया अवघ्या चार वेढ्यांत उरकावी लागत असल्याने हाताची खरी परीक्षा तेथे होते. वेढ्यावर वेढा चढणे, दोन वेढ्यांत फट राहणे आणि किनारीची रुंदी प्रत्येक कडीपाशी वेगळी होणे हे दोष रोगण दिल्यावर लपत नाहीत, उलट अधिक दिसतात. दोऱ्यास ताण किती द्यावा यालाही मर्यादा आहे. ताण कमी पडल्यास कडी हलते. अधिक झाल्यास तिच्या पायाची धार काठीत रुतते. म्हणून बांधणीपूर्वी पायांची टोके कानसीने उतरती करून घेतात.

रेशमावर सरळ रोगण दिल्यास ते तंतूंत मुरते व दोरा अर्धपारदर्शक होतो. पांढरे रेशीम जवळजवळ दिसेनासे होऊन खालचा बांबू दिसू लागतो, तर गडद रंग अधिक गडद होतात. मूळ रंग राखावयाचा असल्यास रोगणापूर्वी रंगरक्षक द्रवाचा थर देतात. काही कारागिरांनी रंगरक्षक मुद्दाम टाळून पारदर्शक वेष्टन पसंत केले; काहींनी भडक किनार हे आपले चिन्ह केले. लिओनार्डच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एडवर्ड पेन, एफ. ई. टॉमस व यूस्टिस एडवर्ड्‌स यांनी पुढे स्वतंत्रपणे काठ्या केल्या. कोणत्या कारागिराने कोठे, कोणत्या रंगाची व किती वेढ्यांची किनार दिली, यावरून काठीचा कर्ता ओळखण्याची पद्धती संग्राहकांत रूढ आहे.

विसाव्या शतकात यूरिया–फॉर्माल्डिहाइड, रिसॉर्सिनॉल इ. पाण्यास दाद न देणारी संश्लेषित आसंजके उपलब्ध झाली. ऑर्व्हिस कंपनीतील वेस जॉर्डन याने १९४० नंतरच्या दशकात बांबूत बेकेलाइट जातीचे रेझीन मुरविण्याची पद्धती प्रचारात आणली. यामुळे मधली वेष्टने अनावश्यक झाली आणि बहुतेक कारागिरांनी ती सोडून दिली. तथापि मुठीच्या पुढे व फेरूलजवळ काही वेष्टने केवळ शोभेसाठी राहिली. गरज व शोभा यांची फारकत येथे स्पष्टपणे झाली.

जपानी परंपरा : यूरोप–अमेरिकेशी संबंध नसताना जपानमध्येही सजावटीचा उगम अशाच गरजेतून झालेला दिसतो. तेथील पारंपरिक काठी पट्ट्यांची नसून निरनिराळ्या जातींच्या अखंड बांबूंचे तुकडे एकमेकांत बसवून केलेली असते. खोबणीच्या तोंडाशी बांबू चिरू नये म्हणून तेथे रेशमी दोरा गुंडाळतात व त्यावर उरुशी या झाडाच्या चिकाचे रोगण अनेक थरांत देतात. हे झाड आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुलातील असून त्याचा ओला चीक बिब्ब्याप्रमाणे अंगावर उततो. तो सुकण्यासाठी कोरडी नव्हे, तर दमट हवा लागते. म्हणून काठ्या ओलसर कपाटात ठेवतात. या रोगणातूनच पुढे रंगीत ठिपके, सोन्याची पूड व घोटून काढलेल्या लाटा यांची सजावट विकसित झाली. एडो (आताचे टोकिओ) येथील परंपरेचा आरंभ तोसाकू या कारागिराने १७८८ मध्ये केला, असे मानण्यात येते. एडोच्या काठीस १९९१ मध्ये व वाकायामा विभागातील हाशिमोतो परिसरात होणाऱ्या किशू काठीस २०१३ मध्ये जपान शासनाने पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून मान्यता दिली.

काचतंतू व कार्बन तंतू : पाश्चात्त्य काठ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातील बांबू वापरात आला. त्याला व्यापारात टाँकिन असे नाव पडले. एफ. ए. मॅक्लुअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. स्यूडोसासा अमॅबिलिस हे त्याचे आजचे नाव आहे. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी होणाऱ्या व्यापारावर बंदी घातली व ती १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत हा पुरवठा अडला. तत्पूर्वीच, १९४७ च्या सुमारास, शेक्सपिअर या कंपनीने आर्थर हॉवल्ड याच्या पद्धतीने केलेली काचतंतूंची काठी बाजारात आणली होती. बंदीमुळे तिचा प्रसार झपाट्याने झाला आणि बांबूच्या काठ्या करणारे अनेक कारखाने मागे पडले.

हॉवल्डच्या पद्धतीत रेझीन घट्ट होईपर्यंत तंतूंवर सेलोफेनची फीत गुंडाळीत. तिचे सर्पिल वळ काठीवर उमटत. पांढऱ्या काठीवरील ते वळच त्या मालाची ओळख झाले. निर्मितिक्रियेची खूण शोभा म्हणून स्वीकारली जाण्याचे हे उत्तम उदाहरण होय. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात कार्बन तंतू तयार करण्याची व्यवहार्य पद्धती निघाली व पुढील दशकात कार्बनच्या काठ्या विक्रीस आल्या. त्या पोकळ, पातळ भिंतीच्या व वजनाने अतिशय हलक्या असतात.

कारखान्यातील कोरी काठी सहज मिळू लागल्याने घरी काठी बांधण्याचा छंद अमेरिकेत वाढला. डेल क्लेमेन्स याच्या १९७४, १९७८ व १९८२ मधील पुस्तकांनी या छंदास शिस्त दिली. यांपैकी शेवटचे दोऱ्याच्या नक्षीलाच वाहिलेले आहे. रेशमाची जागा नायलॉन व पॉलिएस्टर यांनी आणि तैल रोगणाची जागा दोन घटकांच्या एपॉक्सीने घेतली. एपॉक्सी घट्ट होईपर्यंत ओघळू नये म्हणून काठी लहान चलित्रावर सावकाश फिरती ठेवतात. दोरे तिरपे एकमेकांवरून नेऊन साधलेली शंकरपाळी नक्षी, बाणाकृती पट्टे, आडव्या–उभ्या दोऱ्यांनी विणलेली चित्रे, रोगणाखाली बसविलेली पक्ष्यांची पिसे आणि मुठीत बुचाच्या फिक्या चकत्यांमध्ये गडद चकत्यांची योजना हे प्रकार या काळात रूढ झाले. दुसरीकडे, १९७७ मध्ये एव्हरेट गॅरिसन व होगी कारमायकेल यांचे बांबूच्या काठीवरील पुस्तक निघाले आणि लुप्तप्राय झालेली ती विद्या नव्या पिढीस उपलब्ध झाली.

सजावटीच्या मर्यादा : सजावटीचे वजन कोठे पडते, यावर काठीचे वर्तन अवलंबून असते. एका टोकाला धरलेला लवचिक दांडा जितका टोकाशी जड, तितका तो सावकाश हलतो व हेलकाव्यानंतर उशिरा स्थिर होतो. त्यामुळे शेंड्याकडील एक ग्रॅम जास्तीचे एपॉक्सी मुठीजवळच्या अनेक ग्रॅमांपेक्षा अधिक जाणवते. शेंड्याकडील वेष्टने आखूड व रोगण पातळ ठेवावे आणि विस्तृत नक्षी मुठीच्या लगत पुढे करावी, हा नियम यातूनच आला आहे. मोठ्या सागरी काठीवर मुठीपुढे वीतभर किंवा अधिक लांबीची नक्षी असते, तर हलक्या काठीवर एखादी किनारही पुरेशी मानतात.

घटक बसविण्याचा क्रमही ठरलेला आहे. मुठीचे वलय काठीच्या बारीक टोकाकडून सरकवून आणावे लागते. कड्या आधी बांधल्यास ते बसविता येत नाही. वलयाचा आतील व्यास काठीच्या त्या जागेच्या जाडीइतकाच असावा लागतो. तो थोडा मोठा झाल्यास खाली दोऱ्याचे वेढे देऊन फट भरतात. तशीच ठेवल्यास तीतून पाणी मुठीत शिरते. बैठक व काठी यांमधील पोकळीही भरीव असावी लागते, अन्यथा रीळ हलते. शोभेच्या वलयालाही आपले जुने काम अशा रीतीने अद्याप करावेच लागते.

भारताशी संबंध : टाँकिन प्रचारात येण्यापूर्वी अमेरिकेतील व इंग्लंडमधील कारागीर प्रामुख्याने कलकत्ता बंदरातून निर्यात होणारा भारतीय बांबू वापरीत व त्याला कलकत्ता याच नावाने ओळखीत. फिलिप व लिओनार्ड यांच्या प्रारंभीच्या काठ्या याच बांबूच्या होत. त्याच्या सालीवर डागल्याच्या काळसर खुणा असत. त्यांवरून तो आजही ओळखता येतो. म्हणजे भारतातून कच्चा बांबू जाई व तयार काठी ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर महसीर माशासाठी भारतात परत येई. हेन्री सलिव्हन टॉमस याचे द रॉड इन इंडिया हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाले, ते याच वर्गासाठी. येथील पावसाळी हवेत सरसाने जोडलेल्या काठीचा कस लागे आणि दाट वेष्टनाचे महत्त्व विशेष जाणवे.

महाराष्ट्रात पवई तलावाच्या परिसरात छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांची संघटना दीर्घकाळ कार्यरत आहे. कोकणातील खाड्यांवर मात्र गरवण्यासाठी साधी बांबूची काठी वापरली जाते. तिच्या शेंड्याशी दोरी आवळून बांधलेली असते. वेष्टनाचे मूळ कार्य तेथे कोणत्याही शोभेविना पाहावयास मिळते.

जतन : जुनी काठी दुरुस्त करताना फिकी वेष्टने काढून नवी घालण्याकडे पुष्कळांचा कल असतो. तसे केल्यास काठी देखणी होते, पण तिचा पुरावा नष्ट होतो. वेढ्यांची संख्या, वेष्टनांमधील अंतर, रेशमाची जाडी व किनारीचा रंग यांवरूनच काठीचा काल व कर्ता बहुधा निश्चित करता येतो; कारण अनेक कारागिरांनी काठीवर नाव घातलेले नाही. म्हणून वेष्टने काढणे अपरिहार्य असल्यास प्रथम त्यांची मापे घेणे, छायाचित्रे काढणे आणि एखादे मूळ वेष्टन जसेच्या तसे राखणे आवश्यक ठरते. दोऱ्याचा रंग प्रकाशाने उडत असल्याने प्रकाशापासून झाकलेल्या आतल्या बाजूवरून मूळ छटेचा अंदाज घेतात. सजावटीचा भाग दुय्यम समजून बदलला गेला, तर काठीच्या इतिहासाचे सर्वांत बोलके साधन तिच्याबरोबरच नाहीसे होते.